फुलांच्या बादल्या

बाग सगळी फुलून आली होती आणि थोरलीला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. फुलं बघून हरखायची वर्षं केव्हाच मागे पडली होती. फूल दिसलं की तिला पुढचं सगळं दिसायचं: तोडणी, चिरणी, धुरी, वाळवण आणि रात्री पाठीला लावायचं मलम. अठ्ठावन्न वर्षांची बाई, त्यातली चाळीस वर्षं जर्दाळूच्या मागे गेलेली. सकाळी उठताना आधी गुडघे उठायला नाही म्हणायचे, मग कंबर, आणि मग ती स्वतः.

बागेतली झाडं एकजात एकाच वाणाची. रोपवाटिकेच्या यादीत तो सतराव्या क्रमांकावर होता, म्हणून सगळे त्याला सतरा नंबर म्हणत. मूळचं नाव काहीतरी लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सतरा नंबर म्हणजे पक्का व्यापारी माल. दिसायला देखणा, चवीला बेताचा. पिकायच्या आठवडाभर आधीच केशरी होऊन बसतो, त्यामुळे नवखा माणूस हटकून फसतो आणि क्रेट भरून आंबट फळं तोडून ठेवतो. गर घट्ट, ट्रकमध्ये दोन दिवस आदळला तरी डाग पडत नाही. बाठ अंगठ्याने दाबली की टुणकन बाहेर. चिरून पाकात घालून डब्यात बंद केला तर फोड जशीच्या तशी राहते, लगदा होत नाही. कारखान्यातले लोक त्याच्यावर जीव टाकत ते यासाठी. आणि वाळवला की त्याच बेचव फळाला अशी काही गोडी येते, की ताजं खाल्लेला माणूस म्हणेल हे ते नव्हेच.

"आमचा सतरा नंबर म्हातारपणी गोड होतो," थोरली म्हणायची. "माणसांचं नेमकं उलटं."

वाळवणाच्या कामात तिचा हात कुणी धरला नसता. फोडी कापलेल्या बाजूने वरच मांडायच्या, म्हणजे रस खळग्यात राहतो. गंधकाची धुरी किती वेळ द्यायची, म्हणजे रंग टिकेल पण वास राहणार नाही, हे ती घड्याळ न बघता सांगायची. फोड वाळली की नाही ते चिमटीत दाबून कळायचं. बाबांनी दोघी लेकींना कामं वाटून दिली होती. थोरलीला वाळवणाचं आवार, धाकटीला बाग. फळ झाडावर असेपर्यंत ते धाकटीचं, क्रेटमध्ये पडलं की थोरलीचं. बाबा होते तोवर हे छान चाललं.

बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा थोरली म्हणाली होती, बाग चालवायला डोकं एकच लागतं, दोन झाली की बाग बसते. ते डोकं कुणाचं, हे तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. धाकटीला मिळाला ओढ्याकाठचा उताराचा तुकडा, त्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि सहा जुनी झाडं. धाकटीने ते घेतलं आणि परत बागेत पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. दुकानात समोरासमोर आल्या तर दोघींनाही एकदम शेल्फावरच्या डब्यांवर काय लिहिलंय ते वाचावंसं वाटायचं.

आता थोरलीला ते एक डोकंही जड झालं होतं. मुलगा कारखान्यात यंत्रांवर कामाला होता, संध्याकाळी घरी यायचा, आईला पाय चोळत बसलेली बघायचा. थंडीत एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, एक शेवटचं वर्ष बघू. पीक चांगलं आलं तर चालू ठेवू, मी माणसं वाढवतो. नाही आलं तर झाडं काढून टाकू आणि जमीन भाड्याने देऊ. तू किती मरशील अजून?"

ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारख्या वाटण्याची तिला लाज वाटली.

चांगलं पीक यायचं तर यंदा कारखान्याकडून माल परत येता कामा नये, हे तिने मनाशी पक्कं केलं. गेल्या वर्षी दोन ट्रक परत आले होते. कारण एकच, मऊ माल मिसळला. सतरा नंबरच्या ओळींमध्ये बाबांनी अधूनमधून दुसऱ्याच वाणाची चाळीस झाडं लावून ठेवली होती. छोटी, पातळ सालीची फळं, सकाळी तोडलं तर संध्याकाळी त्याचं पाणी. तोडणीवाले घाईत ती फळंही क्रेटमध्ये टाकत, आणि एक नासलं की शेजारची दहा डागाळत. बाबा त्या झाडांना घरजावई म्हणायचे. खतपाणी सगळं खातात आणि कामाला हात लावत नाहीत. तर थोरलीने माणसं बोलावली आणि थंडीत चाळीसच्या चाळीस घरजावई मुळासकट काढले. लाकूड चांगलं निघालं, ते शेडमागे रचून ठेवलं.

आणि मग फुलांच्या दिवसात मधवाला आला. हा दरवर्षी आपल्या माश्यांच्या पेट्या घेऊन यायचा, बागेत मांडायचा आणि फुलं झडली की घेऊन जायचा. बोलका, पोटाने सुटलेला, बाबांच्या वेळेपासूनचा माणूस. पहिली पेटी उचलून तो ओळींमधून चालत गेला आणि तसाच परत आला, पेटी हातातच.

"ताई, जावई कुठे गेले?"

"काढले."

"काढले? सगळे?"

"मग काय निम्मे ठेवू? माल नासवत होते."

मधवाल्याने पेटी जमिनीवर ठेवली, अगदी हळू, आतल्यांची झोपमोड होऊ नये तशी. "मग माझ्या माश्यांनी इथे काय करायचं म्हणता?"

"दरवर्षी करतात तेच."

"अहो, दरवर्षी त्या जावयांकडून पराग घेऊन लेकींकडे जायच्या. सतरा नंबरला सतरा नंबरचा पराग चालतच नाही. कितीही चोळा. परका लागतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"आम्हाला कशाला कोण सांगतंय," थोरली म्हणाली.

ती शेडमध्ये गेली. तिथे भिंतीवर रोपवाटिकेचा छापील कागद होता, तीस वर्षांपूर्वी बाबांनी चार खिळे मारून लावलेला. फळ मध्यम ते मोठे, गर घट्ट, बाठ सुटी, वाहतुकीस उत्तम, सुकवण्यास व डबाबंद करण्यास विशेष उपयुक्त. हे तिला तोंडपाठ होतं. तिने पक्कड आणून चारही खिळे काढले आणि कागद उलटा केला. मागेही छापलेलं होतं. लागवडीची माहिती, ओळींतलं अंतर, छाटणीचे महिने, आणि सर्वांत खाली जाड ठशात: ही जात स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. दर आठ ते दहा झाडांमागे त्याच वेळी फुलणाऱ्या अन्य जातीचे एक झाड ठेवणे आवश्यक आहे.

तीस वर्षं तो मजकूर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आवारात काम करणाऱ्याला पुढची बाजू पुरत होती. मागची बाजू जिला माहीत होती तिला थोरलीने ओढ्याकाठी पाठवून दिलं होतं. थोरली खोक्यावर बसली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात, तिने तर त्यासाठी मजुरी देऊन माणसं लावली होती.

मधवाला दारात येऊन उभा राहिला. "उपाय आहे, ताई. फुललेल्या फांद्या आणायच्या, बादलीत पाणी घालून त्यात ठेवायच्या आणि बादल्या झाडांना टांगायच्या. पाणी बदलत राहिलं तर चार दिवस फूल टिकतं. माझ्या वडिलांनी केलेलं बघितलंय मी. पण पाच-सहा दिवसच आहेत हातात. आणि मऊ वाणाची झाडं आता इथे..." तो थांबला, खाली बघून टोपी ठीक केली. "एकाच ठिकाणी उरलीत."

कुठे, ते त्याला सांगावं लागलं नाही.

थोरली दुपारी निघाली. वाट वीस मिनिटांची, पण तिला तासभर लागला, कारण ती तीनदा बसली. पहिल्यांदा गुडघ्यांसाठी, पुढच्या दोन्ही वेळा परत फिरावं म्हणून. नाही धरलं फळ तर नाही धरलं, तिच्या मनात येत होतं. मुलाला सांगायचं, हवा वाईट होती. झाडं निघतील, आपण एक दिवस सकाळी उठू आणि काहीच करायचं नसेल. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की रडू आलं. पण दमून बाग सोडणं निराळं आणि आपल्याच हाताने तिचा गळा दाबून वर हवेला नाव ठेवणं निराळं. तेवढी लबाडी करायलाही अंगात बळ लागतं, आणि तिचं ते संपलं होतं. म्हणून ती उठली आणि चालायला लागली.

धाकटीच्या स्वयंपाकघरात काचेच्या रिकाम्या बरण्या धुऊन फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. तिच्या सहा झाडांची मऊ फळं कुठे पाठवता येत नसत, डबाबंदही होत नसत, पण त्यांचा जॅम असा व्हायचा की लोक घरी येऊन घेऊन जात. तेवढ्यावर आणि शिवणकामावर तिचं चाललं होतं. एक्कावन्न वर्षांची, लग्न न केलेली, केस मागे घट्ट बांधलेली. तिने दार उघडलं, बहिणीला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बाजूला झाली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

थोरलीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाळीस झाडं काढली, मधवाला आला, कागदाची मागची बाजू, बादल्या. काही लपवलं नाही.

"अडला हरी," धाकटी म्हणाली.

"हो. धर म्हणशील तर पाय धरते. पण खाली वाकले की वर उठवावं लागेल तुला."

धाकटी हसली नाही. तिने खिडकीतून आपल्या झाडांकडे बघितलं. सहाही पांढरी झाली होती, ओढ्याच्या गारव्याने एखाददुसरा दिवस मागे होती, म्हणजे कापायला अगदी नेमकी.

"किती लागतील?"

"चाळीस बादल्या म्हणाला."

"म्हणजे सहाच्या सहा बोडकी करायची."

"हो."

"आणि या?" धाकटीने बरण्यांकडे हनुवटी केली.

देईन भरून असं म्हणावं असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं, पण बागेचं काय होणार तेच माहीत नसताना ती काय भरून देणार होती?

धाकटीने कोपऱ्यातली लांब दांड्याची कातर घेतली, शिडी घेतली आणि बाहेर पडली. थोरली मागोमाग गेली. पहिल्या झाडाला शिडी लागली. वरून एकेक फांदी खाली येऊ लागली, अर्धी फुलं उमललेली, अर्ध्या टपोऱ्या कळ्या. थोरली त्या गोळा करून ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. दोन झाडं झाली. कातरीचा कटकट आवाज आणि ओढ्याचा, बस.

तिसऱ्या झाडावर धाकटीचा हात थांबला.

"ताई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ती झाडं काढताना एकदा तरी मला विचारावं असं तुझ्या मनात आलं का?"

थोरलीच्या हातात फांद्यांचा भारा होता. नाही म्हणणं सोपं होतं. सुचलं नाही, घाई होती, कारखान्याचा माल परत आला होता. यातलं काहीही धाकटीने मानून घेतलं असतं.

"आलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी उगीच लावली नसणार, एवढं कळत होतं मला. तुला माहीत असणार, हेही कळत होतं. दोन दिवस तेच डोक्यात होतं. विचारायचं तर इथे यावं लागलं असतं. ते नको होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी माणसं बोलावली आणि काढून टाकली. एकदा काढली की विचारायचं काही उरलं नसतं."

थोरलीला वर बघायचं धाडस होईना. आता कातर खाली येईल आणि त्यामागून धाकटी, आणि आपण हा भारा इथेच ठेवून घरी जाऊ, असं तिला वाटत होतं. जाताना सगळा चढ आहे, हेही तिच्या मनात आलं, इतकी ती थकली होती.

"अकरा वर्षं," धाकटी वरून म्हणाली. "अकरा वर्षं मी समजत होते की तुला माझी आठवणच होत नाही."

मग परत कटकट सुरू झाली. सहावं झाड संपेपर्यंत उन्हं कलली. उभे होते ते नुसते बुंधे आणि जाड फांद्या. धाकटी खाली उतरली, हात झटकले.

"बादल्या कुठे टांगायच्या ठाऊक आहे?"

"नाही."

"मग?"

थोरलीला कळायला थोडा वेळ लागला. "मग... तू सांगशील का?"

"सकाळी येते. पण ऐक, मी आपणहून एक अक्षर बोलणार नाही. विचारशील तेवढंच सांगेन."

दुसऱ्या दिवशी धाकटी उजाडता उजाडता फाटकापाशी हजर होती. अकरा वर्षांनी आत येताना तिने काढलेल्या झाडांचे खड्डे बघितले आणि मान फिरवली. मधवाल्याने कुठून कुठून बादल्या जमवल्या होत्या: रंगाच्या, तेलाच्या, एक तर चक्क बाळाला अंघोळ घालायची. थोरलीने पहिली बादली एका झाडाला अडकवली.

"इथे बरोबर आहे?"

"नाही."

"मग कुठे?"

"उन्हाच्या बाजूला. आणि वर. माशी सावलीत बसत नाही."

पुढचं झाड. "इथे?" "थोडं आत." "यात पाणी किती?" "अर्धं." "ही ओळ सोडली तर चालेल?" "ही चालेल, पलीकडची नाही." असं करत करत दिवस गेला. थोरलीने आयुष्यात एवढे प्रश्न विचारले नव्हते. पहिले पाच-सहा तिने फांदीकडे बघत विचारले, विसाव्यापर्यंत जीभ सैल झाली, आणि तिसाव्यानंतर आपण विचारतोय हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. धाकटी शब्दाला पक्की. विचारलं तेवढंच उत्तर, वर एक शब्द नाही. एकदा थोरली धडपडली तेव्हासुद्धा ती गप्प उभी राहिली, हात तेवढा पुढे केला.

चाळिसावी बादली राहिली तेव्हा धाकटी म्हणाली, "ही तुझी तू लाव."

"नको. सांग तू."

धाकटीने सांगितलं.

माश्या दोन दिवस पेट्यांतून बाहेरच आल्या नाहीत. थंड वारा सुटला होता, आणि मधवाला पेट्यांपाशी बसून आपल्या माश्यांना नावं ठेवत होता. दोघी बहिणी बादल्यांचं पाणी बदलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला, ऊन तापलं आणि बाग घोंघावायला लागली. ते ऐकत थोरली बांधावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. धाकटीने तिला उठवलं नाही.

तीन आठवड्यांनी फुलांची वाळकी टोपरं गळली आणि खालची हिरवी बोंडं दिसू लागली. रविवारी मुलाला सुट्टी होती. तो आईबरोबर प्रत्येक ओळीतून फिरला. बादल्यांच्या आसपास फांद्या लगडल्या होत्या. दूरच्या कडेला आणि खालच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसती पानं. थोरलीने उगीच आशेने काही फांद्या दोनदोनदा वाकवून बघितल्या.

घरी येऊन मुलगा हात धुऊन टेबलाशी बसला. "निम्मं आहे, आई. धड चांगलंही नाही आणि गेलंही नाही. आता काय करायचं? ठेवायची की काढायची? तू म्हणशील ते."

गेली अकरा वर्षं असल्या प्रश्नाला थोरलीचं उत्तर तयार असायचं, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच. आज ती मनात हिशोब मांडत बसली. ठेवायची तर जावई परत लावायला हवेत, कलमं कुठून, किती, कोणत्या ओळीत, तोवरची तीन-चार वर्षं बादल्या कशा पुरवायच्या. काढायची तर तेही एकटीने ठरवायचं. यातलं काहीही एकटीने उचलायची तिची तयारी नव्हती, आणि आता तसं म्हणायला तिला लाजही वाटत नव्हती.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "बाग काय एकटीची आहे माझी? थांब जरा. मी मावशीला विचारून येते."

मुलाने चमकून वर बघितलं. मावशी हा शब्द त्याने आईच्या तोंडून शेवटचा ऐकला तेव्हा तो शाळेत होता.

"मी सोडू का गाडीने?" त्याने विचारलं.

"सोड," थोरली म्हणाली. "पाय फार दुखतायत."